गुंतवळ आणि वजनकाटा

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला तीन-चार महिने झालेले असतात, पोटावरच्या टाक्यांच्या खुणा फिकट झालेल्या असतात, रक्तातील साखर आटोक्यात आलेली असते, ढगळ झालेले कपडे मापात करून घेण्यासाठी शिंप्याकडे गेलेले असतात आणि आपला निर्णय योग्यच होता असे रुग्णाला प्रथमच निःशंकपणे वाटू लागलेले असते. नेमक्या त्याच सुमारास केस गळू लागतात. ही गळती बहुधा एकाएकी सुरू होते. न्हाणीच्या जाळीवर, उशीच्या अभ्र्यावर, मळलेल्या कणकेत आणि सर्वांत अधिक कंगव्यात केस दिसू लागतात, आणि वजनकाट्यावरचा आकडा उतरत असताना रोजची गुंतवळ मात्र वाढत जाते. या केसगळीने जिवाला धोका नसतो आणि ती बहुतांशी तात्पुरती असते, म्हणून मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांवर उपाय म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी तिचे स्थान खालचे असणे साहजिक आहे. तरीही पहिल्या वर्षात रुग्णाचे, विशेषतः स्त्री-रुग्णाचे, मन जितके ती खचवते तितके क्वचितच दुसरे काही खचवते. याचे कारण गळणाऱ्या केसांच्या संख्येत शोधण्यापेक्षा या व्याधीच्या कालगणनेत शोधावे लागते. तिचे निमित्त तीन महिने मागे घडून गेलेले असते, उपायाचे फळ तितकेच महिने पुढे दिसायचे असते, आणि मधल्या काळात रुग्ण, नातलग व बाजार हे तिघेही समोर दिसेल त्या कारणाला दोष देत राहतात.

ही कालगणना समजण्यासाठी केसाच्या जीवनक्रमाकडे वळावे लागते. माणसाच्या डोक्यावर साधारणतः एक लाख केस असतात आणि त्यांतील प्रत्येक केस त्वचेतील रोमकूपात, म्हणजे केस घडवणाऱ्या सूक्ष्म पिशवीत, तयार होतो. रोमकूपाचे काम अखंड चालत नाही. दोन ते सहा वर्षे वाढीची अवस्था, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची अवस्था आणि मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांतीची अवस्था, असा त्याचा क्रम असतो. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच रोमकूपातून नवा उगवतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही दिवशी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत आणि उरलेल्यांपैकी बहुतेक विश्रांतीत असतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळूनही कोणाच्या लक्षात येत नाही. आंब्याचे झाड बारा महिने थोडी थोडी पाने टाकत असते आणि तरी हिरवेगार दिसते, पळस मात्र एकाच हंगामात उघडाबोडका होतो. माणसाचे डोके एरवी आंब्याच्या रीतीने चालते आणि शरीराला मोठा धक्का बसला की काही महिन्यांपुरते पळसाच्या रीतीवर जाते. धक्का बसताच वाढीच्या अवस्थेतील असंख्य रोमकूप मुदतीआधीच, आणि जवळजवळ एकाच वेळी, विश्रांतीत शिरतात. त्या क्षणी एकही जास्तीचा केस गळत नाही. विश्रांतीची तीन महिन्यांची मुदत सर्वांची एकदमच भरते आणि तेव्हा सर्वांची गळतीही एकदमच सुरू होते. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराचे नेमके वर्णन करून त्याला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’, म्हणजे विश्रांतावस्थेतील केसांची गळती, असे नाव दिले.

मराठी घरांना ही गोष्ट या नावाने ठाऊक नसली तरी अनुभवाने ठाऊक आहे. विषमज्वरातून उठलेल्या माणसाचे केस ताप गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी जातात, बाळंतिणीचे केस मूल तीन-चार महिन्यांचे झाले की गळतात, हे जुन्या बायका न विचारता सांगत असत, आणि कोविडच्या लाटेनंतर हाच अनुभव असंख्य घरांनी घेतला. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गळती याच कुळातली आहे. फरक इतकाच की ताप आणि बाळंतपण यांची वाट शरीर पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आहे आणि घरातल्या मोठ्यांना त्याबद्दल चार शब्द बोलता येतात. ही शस्त्रक्रिया मात्र नवी आहे, तिच्याभोवती तसे अनुभवाचे बोल अजून साठलेले नाहीत, आणि म्हणून बाळंतिणीला ज्या केसगळीबद्दल सहानुभूती मिळते तीच या रुग्णाच्या वाट्याला आली की सहानुभूतीचे रूपांतर चौकशीत होते.

गळालेला एखादा केस उजेडात धरून पाहिला तर त्याच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पांढरट, किंचित फुगीर गाठ दिसते. बहुतेकांचा धीर ती पाहूनच सुटतो, कारण केस मुळासकट उपटून आला, आता तिथे काही उगवणार नाही, असाच तिचा अर्थ लावला जातो. वस्तुतः ती गाठ म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेत केसाच्या खालच्या टोकाला तयार झालेले कठीण आवरण असते. केस घडवणारा रोमकूप त्वचेत जागच्या जागी शाबूत असतो आणि पुष्कळदा त्याच्या तळाशी नव्या केसाची घडण सुरूही झालेली असते. म्हणजे ज्या खुणेने रुग्ण घाबरतो ती खूण रोमकूपाने एक फेरा पुरा केल्याची असते. या प्रकारात व्रण पडत नाही, चट्टे पडत नाहीत, पूर्ण टक्कल पडत नाही. सर्व डोक्यावरचा दाटपणा सारखाच उतरतो आणि कानशिलांजवळ हे उतरणे अधिक जाणवते. याउलट भांग मधोमध रुंदावत गेला असेल, नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले असतील किंवा टाळूला खाज, खवले, वेदना असतील, तर कारण वेगळे असू शकते आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे लागते.

आता शस्त्रक्रियेकडे पाहावे. भारतात आज सर्वाधिक होणाऱ्या दोन पद्धतींपैकी ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात, काढलेल्या भागाबरोबर भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक तयार करणारा मुख्य प्रदेशही जातो, त्यामुळे पोट लवकर भरते आणि भूकही मंदावते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. या दुसऱ्या पद्धतीचा पाया अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये घातला. लोहाचे शोषण मुख्यतः ज्या आरंभीच्या आतड्यात होते तोच भाग बायपासमध्ये वगळला जातो. ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी लागणारा घटक जठरातच तयार होतो, तेव्हा जठर लहान झाले किंवा वाटेतून बाजूला पडले की त्याचीही अडचण होते.

तथापि तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या गळतीचा दोष सरसकट जीवनसत्त्वांच्या कमतरतेवर टाकणे बरोबर नाही. भूल, शस्त्रक्रियेचा ताण, अचानक घटलेला आहार आणि वेगाने उतरणारे वजन एवढ्यानेच रोमकूपांना धक्का बसतो. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी उपासमारीच्या परिणामांचा जो प्रसिद्ध प्रयोग केला त्यात ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले होते. त्यांच्या पोटावर कोणी सुरी चालवली नव्हती, तरी इतर अनेक परिणामांबरोबर त्यांचे केसही विरळ झाल्याची नोंद झाली. केस ही शरीराच्या लेखी चैनीची वस्तू आहे, हृदय आणि मेंदू यांचा खर्च भागवताना शरीर सर्वांत आधी केसांचा खर्च थांबवते, आणि हा निर्णय जैविक दृष्ट्या शहाणपणाचाच म्हणावा लागतो. म्हणूनच प्रथिने व गोळ्या काटेकोरपणे घेणाऱ्या रुग्णाचेही केस गळू शकतात. ‘तू नीट खात नाहीस म्हणून’ हे घरातले पेटंट वाक्य त्या वेळी अन्यायाचे ठरते. केसगळ लवकर सुरू झाली आणि शस्त्रक्रियेपासून सहा-आठ महिन्यांत ओसरली तर धक्क्याचे कारण पुरेसे असते. ती सहा महिन्यांहून अधिक काळ रेंगाळली, किंवा वर्ष उलटल्यानंतर नव्याने सुरू झाली, तर मात्र लोह, जस्त, प्रथिने, फोलेट, ब-१२ यांची किंवा थायरॉइडची तपासणी केल्यावाचून कोणी निश्चिंत राहू नये. या तपासणीत केवळ हिमोग्लोबिन पाहणे पुरत नाही, कारण शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन खाली आलेले असतानाही हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसते, आणि मासिक पाळीतील रक्तस्रावामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच ज्यांचा साठा रिता आहे अशा स्त्रिया आपल्याकडे थोड्या नाहीत.

खाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात एका विशिष्ट तऱ्हेने अडचणीचा होतो. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे आहारतज्ज्ञ सांगतात, आणि एका वेळी जेमतेम अर्धी-पाऊण वाटी मावणाऱ्या पोटात एवढी प्रथिने बसवणे हे जिकिरीचे काम असते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास ग्रॅम प्रथिने मिळतात; पातळ वरणाच्या वाटीत मात्र डाळीपेक्षा पाणीच जास्त असते. मराठी शाकाहारी ताटाची रचना भात-पोळीभोवती झालेली आहे आणि वरण, उसळ, दही हे त्याचे सोबती आहेत. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम उलटवावा लागतो, उसळ, पनीर किंवा अंडे आधी खाऊन जागा उरली तरच पोळीचा तुकडा घ्यावा लागतो, जेवताना पाणी टाळावे लागते आणि घासाला घास चावत बसावे लागते. किनारपट्टीवर मासळी खाणाऱ्या घरांना हे सोपे जाते, कारण उकडलेला किंवा कालवणातला मऊ मासा या पोटाला मानवतो आणि प्रथिनांची भरही घालतो. खरी परीक्षा उपवासाची असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नगण्य असतात. ज्या पोटात दिवसभरात मोजकेच जाणार आहे ते साबुदाण्याच्या खिचडीने भरणे म्हणजे त्या दिवसाच्या प्रथिनांवर पाणी सोडणे होय, आणि संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र अशा तिथ्यांची बेरीज केली तर हे दिवस वर्षाकाठी थोडे होत नाहीत. आजारी माणसाला उपवासातून सूट असते हे परंपरेनेच मानलेले आहे. पण शस्त्रक्रियेनंतर बारीक, टवटवीत दिसणारी सून आजारी आहे हे सासूबाईंना पटवणे अवघड असते. चहाचेही तसेच आहे, कारण लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोहाचे शोषण कमी होते, आणि आपल्याकडे सकाळची सगळी औषधे चहाच्या कपाभोवतीच घेतली जातात.

यापुढचा भाग शरीराच्या कक्षेबाहेरचा आहे. केसांचे जाणे महाराष्ट्रात कधीच निव्वळ शारीरिक घटना नव्हती. विधवेचे केशवपन करण्याची रूढी येथील ब्राह्मण आणि काही अन्य उच्चवर्णीय कुटुंबांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत रेंगाळली होती. जोतीराव फुले यांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केस न कापण्याचे ठरवले. रूढी गेली, तिच्यामागचा संस्कार मात्र पुरता गेलेला नाही. स्त्रीचे दाट केस म्हणजे सौभाग्य आणि विरळ केस म्हणजे काहीतरी बिनसले, असे समीकरण हळदीकुंकवाच्या बैठकीत अजूनही न बोलता मांडले जाते. याच समाजात बाळाचे जावळ काढतात, नवस फेडायला तिरुपतीला जाऊन स्त्री-पुरुष आनंदाने मुंडण करून येतात आणि त्याचे कोणाला दुःख होत नाही, कारण ते केस दिलेले असतात. शस्त्रक्रियेनंतरचे केस कोणी दिलेले नसतात, ते जातात, आणि जाण्याची वेळही रुग्णाच्या हाती नसते. ‘देणे’ आणि ‘जाणे’ यांतील हे अंतर लक्षात घेतले तर एखादी खंबीर स्त्री ऑपरेशन थिएटरमध्ये शांतपणे जाऊन तीन महिन्यांनी कंगव्यापुढे का रडते हे उमगते.

त्यात पुन्हा गुप्ततेची भर पडते. वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणे हा आळशीपणाचा मार्ग आहे, असा (सर्वस्वी चुकीचा) समज रूढ असल्यामुळे पुष्कळ जण ती लपवतात आणि विचारणाऱ्यांना चालणे, डाएट, योगासने अशी उत्तरे देतात. वजन उतरलेले असते तोवर ही उत्तरे खपतात. केस विरळ होऊ लागले की मात्र लोक दोन गोष्टी एकत्र करून पाहतात आणि झपाट्याने बारीक झालेला चेहरा व त्यावरचे विरळ केस यांचा अर्थ कर्करोग असा लावतात. ‘सगळं ठीक आहे ना गं, डॉक्टरांना दाखवलंस का?’ या काळजीच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे तर शस्त्रक्रिया उघड होते, आणि खोटे द्यायचे तर अफवा वाढते. पुरुषांची अवस्था निराळी, पण सोपी नव्हे. त्यांचे विरळ होणे वयाच्या खाती घालून हसण्यावारी नेले जाते, म्हणून ते तक्रार करत नाहीत आणि तपासणीही करून घेत नाहीत.

अशा अधीर मनाला बाजार बरोबर हेरतो. माका, जास्वंद, कांद्याचा रस, नाना प्रकारची तेले यांनी मालिश करण्यात सुख आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ नये, पण विश्रांतीत गेलेल्या रोमकूपाला वेळेआधी जागे करण्याचे सामर्थ्य त्यांत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. बायोटिनच्या गोळ्यांचे स्तोम त्याहून मोठे आहे. बायोटिनची खरोखर कमतरता असेल तर ते घ्यावेच, परंतु ती नसताना मोठ्या मात्रेत घेतल्याने केस लवकर येतात असे सिद्ध झालेले नाही. शिवाय त्यामुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे निष्कर्ष चुकीचे येऊ शकतात, म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी लागते. जस्त मनाने अधिक घेत राहिल्यास तांब्याची कमतरता होते, आणि जीवनसत्त्व अ किंवा सेलेनियम यांचा अतिरेक तर स्वतःच केस गळवतो. यातले खरे गमतीचे, आणि विक्रेत्याच्या फायद्याचे, गणित असे की ही केसगळ बहुधा आपोआपच थांबणारी असते. पाचव्या महिन्यात घेतलेल्या कोणत्याही बाटलीला सातव्या-आठव्या महिन्यातल्या सुधारणेचे श्रेय मिळते, आणि पुढच्या रुग्णाला तिचीच शिफारस होते.

मग दरम्यान करायचे काय, तर थोडेच, पण नियमाने. गळालेले केस रोज मोजत बसण्याने काही साधत नाही. आठवड्याने केस धुतले तर त्या दिवशीची गुंतवळ आठवड्याची असते आणि ती पाहून हबकण्याचे कारण नसते. केस धुतल्याने किंवा विंचरल्याने जास्त गळतात हा समजही खोटा, जे केस सुटलेले असतात तेच हाती येतात. ताणून घातलेली घट्ट वेणी, पोनीटेल किंवा अंबाडा टाळावा, कारण आधीच विरळ झालेल्या कानशिलांवर त्याचा ताण येतो. खांद्यापर्यंत कापलेले केस लांब केसांपेक्षा दाट दिसतात, हे कोणतीही पार्लरवाली सांगेल, आणि भांग एका बाजूने पाडला तर टाळू कमी दिसते. ज्यांना ओढणी, पदर किंवा काही काळापुरता टोप घ्यावासा वाटतो त्यांनी तो संकोच न करता घ्यावा. चेहरा हसरा ठेवण्याचे उपदेश मात्र कोणी करू नयेत.

या प्रकरणात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे आधी सांगून ठेवणे. संमतिपत्रावर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जठराच्या टाक्यांतून गळती, रक्ताची गुठळी अशा धोक्यांची यादी असते. त्या यादीत केसांना जागा मिळाली तरी एका ओळीची मिळते आणि ती भूल देण्याच्या आदल्या दिवशी वाचली जाते. वास्तविक निम्म्याहून अधिक रुग्णांना कमी-अधिक प्रमाणात जे होणार आहे, तरुण स्त्रियांना अधिक होणार आहे, आणि जे कधी सुरू होईल व साधारण कधी ओसरेल हे बऱ्याच अंशी ठाऊक आहे, ते रुग्णाला आणि तिच्या घरच्यांना एकत्र बसवून सांगायला दहा मिनिटे पुरतात. तिसऱ्या महिन्यात केस गळतील हे जिला ठाऊक आहे तिची आणि जिला ठाऊक नाही तिची गुंतवळ सारखीच असली, तरी पहिली फेरिटिनची तपासणी करून घेते आणि दुसरी कोपऱ्यावरच्या दुकानातून तेल आणते. वजन झपाट्याने उतरवणारी नवी इंजेक्शने आता घरोघरी पोचू लागली आहेत आणि त्यांच्या काही वापरकर्त्यांतही केसगळ दिसते, तेव्हा हे आधी सांगण्याचे काम यापुढे केवळ शल्यविशारदांचे राहिलेले नाही.

गळती थांबल्यावर लगेच केस दाट होत नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून कानशिलांवर आणि भांगाच्या कडेने बोटभर लांबीचे, उभे राहणारे, वेणीत न मावणारे केस कित्येक महिने दिसत राहतात आणि खांद्यापर्यंत पोचायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. या काळात एक चूक वारंवार घडते, ती ही की केस परत आले म्हणून गोळ्या सुटतात आणि रक्ततपासणीच्या तारखा टळतात. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, ब-१२, ड आणि इतर जीवनसत्त्वांची पूरके आयुष्यभर घ्यायची असतात, स्लीव्हनंतरही वर्षातून एकदा तपासणी करून डॉक्टर सांगतील ती चालू ठेवायची असतात, आणि आरशात केस कसेही दिसत असले तरी त्यात बदल होत नाही.